शेवंतीचं कोपर

डॉक्टर खांबेट्यांनी खुर्ची शेवंतीसमोर ओढली. "हात सरळ ठेवा, तळवा खाली, आणि पाठीला धरून ही उचला. दुखलं की लगेच सांगायचं."

खुर्ची प्लास्टिकची होती, हलकी. शेवंतीने उजवा हात लांब केला, खुर्चीच्या पाठीवर बोटं आवळली आणि ती वर उचलली. कोपराच्या बाहेरच्या बाजूने निघालेली कळ मनगटापर्यंत गेली. तिने श्वास धरून ठेवला आणि खुर्ची सावकाश खाली ठेवली, कारण डॉक्टरांच्या मागे स्टुलावर तिची सासू बसली होती.

"दुखलं?"

"नाय."

"अजिबात नाही?"

"थोडा. तेवढा काय नाय."

डॉक्टरांनी हातातला जुना कागद पुन्हा वाचला. दीड वर्षापासूनचं दुखणं, गोळ्या, पट्टा, कोपरात दिलेली इंजेक्शनं, महिनाभर प्लास्टर. "मग इतकं सगळं केलंत कशाला?"

शेवंतीच्या आधी सासू, मनुबाईच बोलली. "पोराला माझ्या हौस. बायकोचा जरा काय झाला का पलाला डॉक्टरकडं. आमच्या घरच्या बायांचा हात नाय दुखत डॉक्टर. माझी सासू मेली त्या दिवशी सकाळी मासली कापून मेली."

डॉक्टर हसले. शेवंतीही हसली. तिला हसणंच सोयीचं होतं.

बाळकुम नाक्यावर मासळीवाल्यांची रांग बसते. त्या रांगेत पिंपळाजवळची एक जागा मनुबाईच्या घराची. घरातली एक बाई तिथे बसते, बाकीच्या निवडायचं, सुकवायचं आणि घरचं बघतात. कोण बसणार हे नारळी पुनवेला ठरतं. त्या दिवशी सकाळी घरातली वडील बाई एका सुनेच्या हातात नारळ देते, ती जागेवर पाणी शिंपडते, नारळ फोडते आणि वर्षभर ती जागा तिची. यात कधी भांडण झालेलं नव्हतं. मनुबाईचे गुडघे गेल्यापासून नारळ शेवंतीच्या हातात येत होता.

पूर्वी गिऱ्हाईक मासळी अख्खी घेऊन जायचं. भाताच्या शेतांवर इमारती उठल्या, लिफ्टवाल्या घरांत माणसं आली, आणि त्यांना मासळी साफ करून, तुकडे करून, पिशवीत भरून हवी झाली. खवले काढ, पोट साफ कर, बोईटाचे सारखे तुकडे पाड, चिवणीचे काटे आधी उडव. शेवंतीचा कोयता सकाळपासून थांबत नसे. विकणं कमी आणि कापणं जास्त, असं ती म्हणायची. त्यातच कधीतरी कोपर दुखू लागलं. आधी फक्त कापताना, मग हंडा उचलताना, मग ओला टॉवेल पिळताना. आता झोपेत कूस बदलली तरी जाग यायची.

उन्हाळ्यात प्लास्टर होतं तेव्हा धाकटी जाऊ आवडा जागेवर बसली. प्लास्टर निघालं, तरी "अजून जरा दिवस" म्हणत तीच बसत राहिली. आवडा वाईट नव्हती. तिचे हात तरुण होते आणि ती गिऱ्हाइकांना ताई-दादा करून बोलायची. मनुबाई एकदोनदा म्हणाली होती, "जिचा हात चालतो तिचा नारळ." ती हे सहज म्हणाली. पुनव ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होती आणि आता जुलै चालू होता.

म्हणून मोरूने, शेवंतीच्या नवऱ्याने, जेव्हा नौपाड्यातल्या हॉस्पिटलात नवीन यंत्र आलंय असं ऐकून तिला जायला लावलं, तेव्हा मनुबाई म्हणाली, "मी येते. मना बघू दे काय करतात ते." आणि तिथेच सगळं अवघड झालं.

यंत्र एका लहान खोलीत होतं. कंपनीने ते हॉस्पिटलला काही काळ वापरून बघायला दिलं होतं, महिनाअखेर ते पुण्याला जाणार होतं. ते चालवायला डोंबिवलीचा सहदेव नावाचा मुलगा होता, पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेला. यंत्राच्या एका दांड्याला डोकं होतं, डोक्यावर पाण्याने भरलेली रबरी उशी. सहदेवने शेवंतीच्या कोपराला थंडगार चिकट जेली लावली आणि ती उशी टेकवली.

"मावशी, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल," तो मनुबाईला म्हणाला. "आवाज फार होतो."

"मासली बाजारात जन्म गेला माझा. मना आवाजाचा काय सांगतोस?"

सहदेवने मान हलवली आणि शेवंतीला समजावून सांगितलं. त्याला समजावून सांगायला आवडत होतं, हे लगेच कळत होतं. हाताचे स्नायू हाडाला जिथे चिकटतात तिथे दोरीसारखा भाग असतो, त्याला कंडरा म्हणतात. होडीचा दोर खुंटाला जिथे बांधला असतो तिथेच झिजतो ना, तसंच हेही. तिथे रक्त कमी पोचतं, म्हणून जखम भरता भरता मध्येच थांबते आणि तशीच राहते. "शरीराने तिकडे लक्ष द्यायचं सोडलेलं असतं. हे यंत्र आवाजासारख्या लाटा सोडतं. भिंगाने ऊन गोळा करतो तशा त्या एका बिंदूवर गोळा होतात. तिथे बारीक मार बसतो. मग शरीर म्हणतं, अरे, इथे काहीतरी झालंय, आणि पुन्हा कामाला लागतं."

"म्हंजे दुखऱ्याला अजून दुखवायचा," मनुबाई म्हणाली.

"हो. पण बरोबर तिथेच."

"आमच्यात डाग देतात तसा."

सहदेवला ही तुलना पटली की नाही ते कळलं नाही. "साधारण. पण आतून, आणि कातडीला काही होत नाही. आता ताई, मी डोकं सरकवत जातो. सगळ्यात जास्त कुठे दुखतं ते तुम्ही सांगायचं. सुरुवातीला अगदी हलकं ठेवतो."

टक्. टक्. टक्. रिकाम्या डब्यावर कोणी चमच्याने मारावं तसा आवाज होता. पहिले ठोके हाडाच्या वर पडले. तिथे टोचल्यासारखं झालं. सहदेवने डोकं जरा खाली घेतलं आणि शेवंतीच्या डोळ्यांपुढे पिवळं झालं. हाच तो बिंदू. रात्री ज्याने जाग यायची तो.

"इथे?"

शेवंतीने समोर पाहिलं. मनुबाई हनुवटीखाली मूठ धरून तिच्याकडेच बघत होती.

"नाय. तिथं काय नाय."

"नक्की? मग इथे?" डोकं पुढे सरकलं. कळ ओसरली.

"हां, इथं जरा."

सहदेवने बटण फिरवून जोर वाढवला आणि सगळे ठोके तिथे दिले. ते दुखत होते, पण परक्यासारखे. शेवंतीने तोंडातून आवाज काढला नाही. बाहेर आल्यावर मनुबाई कौतुकानेच म्हणाली, "माझी सून हाय," आणि नाक्यापर्यंत रिक्षात ती बडबडत राहिली. शेवंती रिक्षाबाहेर बघत होती. तिला इतकं दमल्यासारखं वाटत होतं की घरी पोचल्यावर भाकऱ्या थापायच्या आहेत हा विचारसुद्धा जड झाला.

आठवड्याने यंत्राची दुसरी पाळी होती. या वेळी डॉक्टर तिथेच उभे राहिले. त्यांनी शेवंतीला मूठ वळायला लावली, मनगट वर उचलायला सांगून वरून दाबलं. तिने जोर लावला. तिच्या कपाळावर घाम आला, तो तिने पदराने पुसला.

"काही फरक?"

"हाय ना. बरा वाटतंय."

"एका पाळीत?" डॉक्टर सहदेवकडे बघून म्हणाले. "बाकीच्यांना पहिल्या पाळीनंतर उलट जास्त दुखतं."

"कोल्याची हाडा हायत," मनुबाई म्हणाली.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. सहदेव जेली लावताना बोलायचा थांबला नाही, पण आज त्याचा आवाज हळू होता. "ताई, एक सांगू का? हेच तंत्र मुतखडा फोडायला वापरतात. तिथे खडा पडद्यावर दिसतो, त्याच्यावर नेम धरायचा. कोपरात तसं काही दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आहे तुमचा. सुन्न करायचं इंजेक्शन डॉक्टर देतीलही, पण मग नेम कशावर धरू? तुम्ही सांगाल तेवढंच माझ्याकडे आहे. नेम बोटभर चुकला तरी सगळं फुकट."

"मी सांगितला ना."

"सांगितलंत." त्याने डोकं टेकवलं. "पण मी इकडून तिकडे जाताना मध्ये एका ठिकाणी तुमच्या पायाची बोटं वळतात. गेल्या वेळीही वळली होती."

मनुबाईला ऐकू गेलं की नाही, हे शेवंतीला कळेना. यंत्र टक् टक् करू लागलं होतं आणि मनुबाई भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत होती.

"इथे?" सहदेवने विचारलं.

पायाची बोटं वळली. तिने ती सरळ केली.

"नाय. पुढं. मागल्या वेळेला होता तिथंच."

सहदेवने ती म्हणाली तिथेच यंत्र लावलं, कारण दुसरं काही करणं त्याला शक्य नव्हतं.

पुढल्या शनिवारी आवडाला ताप आला. जागा रिकामी ठेवता येत नव्हती. मनुबाई म्हणाली, "तू जा. बरा वाटतंय ना तुना?" तिच्या बोलण्यात टोमणा होता की नाही हे शेवंतीला ठरवता आलं नाही. तिने पाटी दुसऱ्या बाईकडून डोक्यावर चढवून घेतली आणि नाक्यावर गेली.

पाटीत खाडीची चिवणी होती, अंड्यांनी भरलेली. शेजारच्या हौसाबाईने तिला पाहून दोन्ही हात वर केले. "आली गो आमची शेवंता! त्या पोरीनं गिऱ्हाइकाला लय लाडावून ठेवलंय. जरा शिव्या घाल सगल्यांना." शेवंतीने खरंच पहिल्या गिऱ्हाइकाशी भाव करताना असं काही ऐकवलं की रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. तेवढा वेळ बरा गेला.

मग कॉम्प्लेक्समधली एक बाई आली. तिला साफ करून हवी होती. शेवंतीने कोयता घेतला. चिवणीचा काटा उडवायला मनगटाला झटका द्यावा लागतो, तो ती डोळे मिटून देऊ शकत असे. तिने झटका दिला आणि बोटं उघडली. आपोआप, जणू ती दुसऱ्या कोणाची होती. कोयता लाकडावरून घसरून तिच्या मांडीपाशी साडीत अडकला. साडी फाटली, मांडी वाचली.

"अहो!" ती बाई मागे सरकली.

शेवंतीने कोयता पुन्हा धरला. दुसऱ्यांदा तो घसरला नाही, पण काट्याऐवजी डोकं अर्धवट तुटलं आणि अंडी फळीवर सांडली. तिने डाव्या हाताने प्रयत्न केला. मासा हातातून निसटत होता.

"राहू द्या, असंच द्या," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "आवडा नाही आली का आज?"

हौसाबाईने न विचारता शेवंतीच्या हातातून मासा घेतला आणि आपल्या फळीवर कापून दिला. "कवापासून इतका दुखतंय?" तिने नंतर विचारलं.

"दीड वरीस."

"मनुबायला ठाव हाय?"

शेवंतीने नकारार्थी मान हलवली. दुपारपर्यंत शेवंतीची सगळी मासळी हौसाबाईनेच कापली, स्वतःचं गिऱ्हाईक थांबवून.

त्या दुपारी घरी जाताना शेवंतीच्या डोक्यात एकच हिशोब घोळत होता. खोटं बोलत राहिलं तर नारळ हातात येईल. आणि नारळानंतर कोयता. तो ती कशाने धरणार होती? खरं बोललं तर नारळ आवडाचा, आणि एकदा लागलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. यंत्र एवढ्यात जाणार होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यानंतर उरतं ते ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही.

तिसऱ्या पाळीला पाऊस जोरात होता आणि हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मनुबाईचे गुडघे अडले. शेवंतीने तिला आधार देऊन वर आणलं, डाव्या हाताने. खोलीत शिरल्यावर सहदेव नेहमीसारखा म्हणाला, "मावशी, बाहेर बसलात तर—"

"बसू दे तिला," शेवंती म्हणाली.

जेली, पाण्याची उशी, टक्. टक्. सहदेवने डोकं सवयीने मागच्याच ठिकाणी नेलं.

"इथेच ना?"

"नाय."

त्याने वर पाहिलं.

"इथं नाय. मागं घे. अजून. जरा खाली. खाली बोलते ना रे... आये गं! हां. इथं. इथंच हाय मेला."

"किती दुखतंय?"

"मरायला झालाय. हात तोडून टाकावासा वाटतंय. रोज वाटतंय." ती मनुबाईकडे न बघता बोलत होती, पण तिच्यासाठीच बोलत होती. "टावेल पिळता येत नाय. हंडा उचलता येत नाय. परवा कोयता मांडीवर पडला. पहिल्या दिवसापासून इथंच दुखतंय आणि मी तुना भलतीकडं दाखवला."

सहदेवने तोंडातल्या तोंडात "बरं" म्हटलं आणि पेनने तिच्या कातडीवर त्या ठिकाणी फुली मारली. "आता जोर वाढवतो. सहन होईना तर थांबा म्हणा."

ती थांब म्हणाली नाही, पण या वेळी गप्पही बसली नाही. ओरडली, यंत्राला शिव्या दिल्या, सहदेवच्या डोंबिवलीला दिल्या. तो हसत होता आणि हात मात्र हलू देत नव्हता. मध्ये एकदा डॉक्टर डोकावले आणि काय चाललंय ते कळून परत गेले. मनुबाईने स्टूल किंचित वळवून घेतलं होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

संपल्यावर शेवंतीने विचारलं, "आधीच्या दोन फुकट गेल्या?"

"बहुतेक," सहदेव म्हणाला. त्याने गोड करून सांगितलं नाही. "एकाच पाळीत किती होईल सांगता येत नाही. काहींना होतं. पण लगेच कळणार नाही, दोन-तीन महिने जातील. आणि तोपर्यंत कोयता नाही. जखम भरायला लागली की तिच्यावर परत घाव घालायचे नाहीत. यातलं अर्धं काम माझं, अर्धं तुमचं."

रिक्षात प्लास्टिकच्या पडद्यातून पाणी आत येत होतं.

"दीड वरीस खोटा बोललीस," मनुबाई म्हणाली.

"हो."

"मना काय राक्षशीण समजतेस?"

"तूच बोलायचीस ना आय, आमच्या घरच्या बायांचा हात दुखत नाय."

"माजा पण दुखायचा. मी काय बाजारभर सांगत फिरले नाय."

"म्हणून आता तुजी मूठ वलत नाय," शेवंती म्हणाली. "पोळी पण दोन हातांनी तोडतेस."

मनुबाईने चटकन हात पदराखाली घेतला. ती रागावली होती आणि राग उतरेपर्यंत बाळकुम आलं. उतरताना तिने शेवंतीचा हात धरला नाही, रिक्षाचा दांडा धरला. "नारळ आवडाला देईन मी," ती म्हणाली. "पुढल्या वर्षाचा पुढल्या वर्षी बघू."

"दे," शेवंती म्हणाली.

पुनवेला पाऊस थोडा उघडला. नाक्यावरची रांग धुऊन काढली होती, पिंपळाला झेंडूची माळ होती. खाडीवर पूजा व्हायच्या आधी बायकांची ही पूजा होते. मनुबाईने नारळ काढला आणि आवडापुढे धरला. आवडाने तो घेतला नाही. ती शेवंतीकडे बघत होती.

"वयनी, तू बोल. मी मागितला नाय हां."

"घे गो. नारळ धरून धरून आयचा हात दुखायला लागला."

रांगेत हसू पिकलं. मनुबाईसुद्धा हसली, मनाविरुद्ध. आवडाने पाणी शिंपडलं, दगडावर नारळ आपटला, तो पहिल्याच फटक्यात फुटला. कॉम्प्लेक्समधली तीच बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली होती. "शेवंताबाई, तुम्ही नाही बसणार यंदा?"

"हात दुखतोय माझा," शेवंतीने सांगितलं. मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. हौसाबाईने खोबऱ्याचा तुकडा तिच्या डाव्या हातात ठेवला.

घरी आल्यावर शेवंतीला हंडा अर्धाच भरलेला दिसला. तिने शेजारच्या मुलीला हाक मारून तो भरून घेतला. ओले कपडे न पिळता तसेच दोरीवर टाकले, त्यांचं पाणी ओटीवर ठिबकत राहिलं. कोपर अजून दुखत होतं, पूर्वीइतकंच. पेनची फुली पुसट झाली होती, तिथे तिने बोट ठेवून पाहिलं. काही वेगळं लागलं नाही.

बाहेर खाडीकडे वाजतगाजत लोक चालले होते. मोरूने हाक मारली, येतेस का. ती नाही म्हणाली. चटई अंथरून, हात उशीवर ठेवून ती भर दुपारी झोपली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, आणि तिला कोणी उठवलं नाही.